एआयकडून पोर्टफोलिओ साइट करून घेताना

'माझ्यासाठी एक मॉडर्न पोर्टफोलिओ वेबसाइट बनव' एवढं सांगितलं तरी कुठलंही एआय कोडिंग टूल काही मिनिटांत पान उभं करतं, आणि ते पान कसं असेल हे न बघताही सांगता येतं. जांभळ्यातून निळ्यात उतरणारी पार्श्वभूमी, मधोमध मोठ्या अक्षरांत नाव, खाली गोल कोपऱ्यांची तीन कार्डं, प्रत्येकावर एक इमोजी. मग 'जावास्क्रिप्ट ९० टक्के, पायथन ८५ टक्के' असे कौशल्यांचे पट्टे. सगळ्यात शेवटी, अस्तित्वातच नसलेल्या ग्राहकांनी केलेलं कौतुक. मॉडेलला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं, त्यामुळे पाहिलेल्या असंख्य पोर्टफोलिओंची सरासरी ते पुढ्यात ठेवतं. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची ही त्याची खोडच आहे. 'पाच वर्षांचा अनुभव', 'पन्नासहून अधिक प्रकल्प' असले आकडे त्यातूनच येतात आणि नजर चुकली तर तुमच्या नावावर जाहीर होतात.

प्रॉम्प्ट, म्हणजे टूलला द्यायची सूचना, लांबवून हे टळत नाही. मजकूर आधी तयार लागतो. म्हणून मी कामाची सुरुवात कोडने न करता एका साध्या मार्कडाउन फाइलने (थोड्या खुणा असलेल्या साध्या मजकुराच्या फाइलने) केली. प्रत्येक प्रकल्पाबद्दल त्यात पाच गोष्टी: अडचण काय होती, त्यातलं नेमकं माझं काम कुठलं, कशात बांधलं, शेवटी काय झालं, आणि बघायचं असेल तर दुवा. हे सगळं साठ ते ऐंशी शब्दांत. टीमने मिळून केलेलं काम असेल तर स्वतःचा वाटा वेगळा लिहायचा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो. चार ते सहा प्रकल्प पुरतात. त्याहून जास्त टाकले की वाचणारा चांगला प्रकल्प शोधत बसत नाही, जो आधी दिसेल त्यावरून मत बनवतो.

हा मजकूर एआयकडून लिहून घेण्याचा मोह होतो. घेऊ नये. लांबी कमी करायला आणि शुद्धलेखन तपासायला ते ठीक आहे, पण मोकळं सोडलं की तुमचं 'बिलांची यादी आपोआप जुळवणारी स्क्रिप्ट' हे वाक्य जाऊन त्या जागी 'नाविन्यपूर्ण उपायांनी व्यवसायांना सक्षम करणं' येतं. पहिल्या वाक्यावरून काम कळतं, दुसऱ्यावरून काहीच कळत नाही.

फाइलच्या डोक्यावर मी एक सूचना ठेवली: 'या फाइलमध्ये नाही अशी कुठलीही माहिती, आकडा, नाव किंवा अभिप्राय साइटवर घालू नकोस. माहिती कमी पडली तर तिथे "भरायचे" असं लिही.' शेवटी 'भरायचे' हा एक शब्द सगळ्या फोल्डरात शोधला की राहिलेल्या जागा एका दमात सापडतात.

टूल आणि ढाचा

टूल ढोबळमानाने दोन जातींची आहेत. लव्हेबल, बोल्ट, व्ही झीरो ही ब्राउझरमध्येच चालतात: सांगा, लगेच बघा, बटण दाबून प्रसिद्ध करा. कर्सर, क्लॉड कोड, गिटहब कोपायलट ही तुमच्या संगणकावरच्या फोल्डरात काम करतात, फाइली वाचतात, बदलतात, परवानगी दिली तर कमांडही चालवतात. एखादी कल्पना डोळ्यांपुढे बघायची असेल तर पहिली जात सोयीची. पण पोर्टफोलिओ अनेक वर्षं टिकवायची गोष्ट आहे, तिचा कोड आपल्या हातात आणि गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असावा, म्हणून मी दुसरी जात धरली. पहिल्या जातीचं टूल वापरायचंच असेल तर सगळा कोड बाहेर काढून नेता येतो का, हे सुरू करण्याआधी बघून ठेवावं.

ढाच्याबाबत टूलला मोकळं सोडलं तर ते बहुतेक वेळा रिॲक्ट (पानं जावास्क्रिप्टने उभी करणारी लायब्ररी) आणि टेलविंड (तयार स्टाइलचा संच) उचलतं. चार-पाच पानांच्या, रोज न बदलणाऱ्या साइटला रिॲक्टची काही गरज नसते. साधं एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं दिसणं) पुरतं. प्रकल्पांची पानं एकसारखी असतील आणि मजकूर मार्कडाउनमध्ये ठेवायचा असेल तर ॲस्ट्रो हे साइट बांधणारं साधन चांगलं. ते बांधणीच्या वेळीच तयार एचटीएमएल काढतं आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय ब्राउझरकडे जावास्क्रिप्ट पाठवत नाही. ढाचा जितका साधा, तितकं टूलचं चुकण्याचं रान लहान. शिवाय चुकलेलं तुम्हाला वाचून कळतं, ही त्याहून मोठी सोय.

आवृत्त्यांचा घोळ मात्र साध्या ढाच्यातही सुटत नाही. टेलविंड हे त्याचं ठळक उदाहरण. जानेवारी २०२५ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली आणि मांडणीची पद्धत बदलली. आधी सीएसएस फाइलच्या वर तीन वेगळ्या ओळी लागायच्या, आता एकच इम्पोर्टची ओळ लागते. जुनी जावास्क्रिप्ट कॉन्फिग फाइल आपोआप वाचली जात नाही, आणि ती तयार करून देणारी जुनी कमांडही गेली. मॉडेलने शिकताना तिसऱ्या आवृत्तीचा कोड ढिगाने वाचलेला असतो, त्यामुळे ते पॅकेज (कोडचा तयार गठ्ठा) नवं बसवतं आणि मांडणी जुनी लिहितं. मग पान उघडतं ते नुसतं काळ्या अक्षरांचं, एकही रंग किंवा अंतर न लागलेलं. अशा वेळी 'स्टाइल लागत नाही, दुरुस्त कर' असं म्हटलं की ते भलतीकडेच खणायला लागतं. 'पॅकेज डॉट जेसनमध्ये टेलविंडची कुठली आवृत्ती आहे ते बघ आणि तिच्या अधिकृत कागदपत्रांप्रमाणे मांडणी कर' असं सांगितलं की गाडी रुळावर येते.

याच जातीचा पण जास्त धोक्याचा प्रकार म्हणजे अस्तित्वात नसलेली पॅकेजेस. मॉडेल कधीकधी ऐकायला अगदी खरं वाटेल असं नाव रचतं. असं नाव ओळखून कोणी त्याच नावाने खोडसाळ पॅकेज टाकून ठेवलेलं असू शकतं. नवीन पॅकेज बसवण्याआधी एनपीएम या पॅकेजेसच्या भांडाराच्या पानावर जाऊन ते कधीपासून आहे, कोण सांभाळतं, किती लोक वापरतात, एवढं बघायला मिनिटही लागत नाही. आणि पोर्टफोलिओला मुळात अशी पॅकेजेस फार लागतही नाहीत. मेनू उघड-मिट करायला लायब्ररी सुचवली गेली तर सरळ नाही म्हणावं.

कामाची लय

एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'वाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला, तो कोडकडे न बघता, जे येईल ते स्वीकारत जाण्याच्या पद्धतीसाठी. शनिवार-रविवारच्या गमतीसाठी ते ठीक. ज्या साइटवर तुमचं नाव आहे आणि जी बघून कोणी तुम्हाला काम देणार आहे, तिथे प्रत्येक बदल डोळ्यांखालून गेलेला बरा.

सगळ्यात आधी गिट. रिकाम्या फोल्डरातच रिपॉझिटरी (प्रकल्पाची गिटमधली साठवण) सुरू करायची आणि टूलला काहीही सांगण्याआधी चालू स्थिती कमिट करायची, म्हणजे गिटमध्ये नोंदवायची. एक मागणी, एक बदल, डिफ (काय काय बदललं त्याची यादी) वाचणं, मग कमिट. डिफमध्ये मी पहिल्यांदा फाइलींची नावं बघतो. तळपट्टीचा रंग बदलायला सांगितला आणि सात फाइली बदलल्या असतील तर कोड वाचायचीही गरज नाही, बदल मागे घ्यायचा. टूलना जाता जाता 'सुधारणा' करायची सवय असते. कोणी न सांगता ती नावं बदलतात, टिप्पण्या काढतात, चालू असलेलं फंक्शन नव्याने लिहितात.

रोज तेच तेच सांगावं लागू नये म्हणून नियमांची एक फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवतात. क्लॉड कोड त्यासाठी क्लॉड डॉट एमडी वाचतं, इतर बरीच टूल एजंट्स डॉट एमडी वाचतात. ती लांबलचक झाली की तिच्यातले नियम निसटायला लागतात, म्हणून वीस-पंचवीस ओळींत आटपावी. माझ्या फाइलचा गाभा असा: 'ढाचा ॲस्ट्रो, टाइपस्क्रिप्ट नको. नवीन पॅकेज विचारल्याशिवाय बसवू नकोस. रंग आणि अंतरं फक्त सीएसएस व्हेरिएबलमधून घे, मध्येच आकडे टाकू नकोस. मजकूर फक्त कंटेंट फोल्डरातून घे. इमोजी नको, ग्रेडियंट नको, स्क्रोल करताना उमटणारं ॲनिमेशन नको. काम झालं म्हणण्याआधी बिल्ड चालव आणि त्याचा निकाल दाखव.'

त्यातली शेवटची ओळ फार कामाची. बिल्ड म्हणजे साइटच्या अंतिम फाइली बांधणं. टूल 'सगळं तपासलं, व्यवस्थित चालतंय' असं बिनदिक्कत सांगतं, आणि पुष्कळदा त्याने ते पान उघडलेलंही नसतं. निकाल मागितला की बोलण्याला आधार लागतो. दिसण्याच्या बाबतीत बिल्डचाही उपयोग नाही, तिथे स्क्रीनशॉट द्यावा लागतो. प्लेराइटसारखं ब्राउझर आपोआप चालवणारं साधन जोडलं तर टूल स्वतः ३६०, ७६८ आणि १२८० पिक्सेल रुंदीला पानाचे फोटो काढून बघू शकतं. ते नको असेल तर आपणच ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधून तीन फोटो काढून चिकटवायचे आणि 'पहिल्या फोटोत मेनू उजवीकडे पानाबाहेर गेलाय' असं बोट ठेवून सांगायचं. 'मोबाइलवर नीट दिसत नाही' या वाक्यातून त्याला काहीही हाती लागत नाही.

मोबाइलवरचे दोष नेहमीचेच असतात. पान आडवं सरकतं, कारण कुठेतरी पडद्याहून जास्त रुंदी ठरवून दिलेली असते. नाहीतर एखादा लांब दुवा किंवा कोडचा तुकडा ओळीत मावत नाही. पहिला पडदा तळाशी कापला जातो, कारण उंची शंभर व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) आहे आणि मोबाइल ब्राउझरची पत्त्याची पट्टी त्यात मोजलेली नाही. तिथे डीव्हीएच किंवा एसव्हीएच हे एकक लागतं.

एक दोष मात्र जरा चतुर आहे. स्क्रोल करताना हळूच उमटणाऱ्या विभागांना टूल सुरुवातीला अदृश्य ठेवतं आणि विभागाचा निम्मा भाग पडद्यावर आला की दाखवतं. लॅपटॉपवर ते चालतं. मोबाइलवर तोच विभाग पडद्याच्या दुपटीहून उंच झाला तर त्याचा निम्मा भाग एका वेळी पडद्यावर येणं शक्यच नसतं. मग तो विभाग कधीच दिसत नाही आणि मोठी कोरी जागा तेवढी दिसते. वरच्या नियमांत ॲनिमेशनला बंदी आहे ती यामुळेच.

एखादा दोष दोनदा सांगूनही सुटला नाही तर तिसऱ्यांदा त्याच संभाषणात सांगू नये. फसलेले दोन्ही प्रयत्न संदर्भात तसेच पडून असतात आणि टूल त्यांच्यावरच ठिगळं लावत जातं. कोडमध्येही त्या प्रयत्नांचे अवशेष उरतात. शेवटच्या चांगल्या कमिटवर परत जायचं, नवं संभाषण उघडायचं, त्रुटीचा संदेश जसाच्या तसा पूर्ण चिकटवायचा आणि आधी कारण विचारायचं: 'अजून काही बदलू नकोस, हे का होतंय एवढंच सांग.' कारण पटलं तरच दुरुस्ती.

मजकूर देवनागरीत असेल तर

ही टूल मुख्यतः इंग्रजी साइटींवर घडलेली आहेत, आणि मराठी मजकूर घातला की ते लगेच उघडं पडतं. पहिली गोष्ट म्हणजे फॉन्ट. टूलचा आवडता इंटर हा फॉन्ट. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. पान तरीही दिसतं, कारण ब्राउझर यंत्रावरचा एखादा देवनागरी फॉन्ट उचलतो. विंडोजवर वेगळा, मॅकवर वेगळा, ॲन्ड्रॉइडवर आणखी वेगळा. तुमच्याकडे छान दिसलेलं शीर्षक दुसरीकडे एका ओळीऐवजी दोन ओळींत जातं. मुक्त, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी, पॉपिन्स यांपैकी एखादा फॉन्ट ठरवून नियमांच्या फाइलमध्ये नावानिशी लिहावा. फॉन्टच्या फाइली स्वतःच्या साइटवर ठेवणार असाल तर लॅटिन आणि देवनागरी असे तुकडे वेगळे असतात. टूलने दोन्ही घेतलेत का ते बघावं.

दुसरी गोष्ट अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकं घट्ट दिसावीत म्हणून टूल लेटर स्पेसिंग थोडं उणे करतं, आणि छोट्या लेबलांना अधिक करून सगळी अक्षरं कॅपिटल करतं. देवनागरीला कॅपिटल नाही, तो भाग नुसताच वाया जातो. पण अंतर वाढलं की शिरोरेखा तुटते आणि 'प्रकल्प' हा शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. देवनागरी मजकुराला हे मूल्य सरळ शून्य ठेवायचं.

तिसरी गोष्ट ओळीची उंची. मोठ्या शीर्षकाला टूल हमखास १ किंवा १.१ देतं. रोमन लिपीला ते शोभतं. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असा दोन्हीकडे पसारा असतो. 'माझी कौशल्यं' हे शीर्षक दोन ओळींत गेलं की खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीला भिडतात. त्यात बाहेर जाणारा भाग लपवण्याची सूचना असली, किंवा अक्षरांना ग्रेडियंट भरलेला असला, तर चौकटीबाहेर गेलेल्या मात्रा चक्क नाहीशा होतात. ग्रेडियंटमध्ये अक्षरांचा स्वतःचा रंग पारदर्शक केलेला असतो आणि रंग फक्त चौकटीपुरताच भरला जातो, हे त्याचं कारण. शीर्षकांना १.३ ते १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास उंची दिली की प्रश्न मिटतो. तिरपी अक्षरंही टाळावीत. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी शैली नसते, त्यामुळे ब्राउझर सरळ अक्षर नुसतंच ढकलून वाकडं करतो.

टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवण्याची हौस असेल तर ती मराठीत महाग पडते. टूल शब्दाचे तुकडे कोडच्या हिशोबाने पाडतं. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर, संगणकाच्या लेखी सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. त्यामुळे आधी स, मग पाय मोडका स्, मग स्त असं काहीतरी लुकलुकत राहतं. आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या स्पॅन टॅगमध्ये टाकला असेल तर जोडाक्षर जुळतच नाही, सुट्या वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं. शब्दाशब्दाने उमटवायला सांगावं, किंवा ही हौस सोडून द्यावी.

आणखी एक ओळ कोणाच्या नजरेस पडत नाही: एचटीएमएलच्या अगदी वरच्या टॅगमध्ये भाषा 'ईएन' लिहिलेली असते. ती 'एमआर' करावी. स्क्रीन रीडर त्यावरून उच्चार ठरवतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात.

चित्रं आणि वेग

पोर्टफोलिओ जड होतो तो फोटोंमुळे. मोबाइलने काढलेला फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन-चार एमबीचा असतो; टूल तो आहे तसा जोडून देतं आणि सीएसएसने लहान दाखवतं. दिसायला लहान झाला तरी उतरतो पूर्णच. रुंदी १६०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या प्रकारात बदलला की तोच फोटो सहसा काहीशे केबीत बसतो. ॲस्ट्रोमध्ये हे काम आपोआप होतं, पण चित्र सोर्स फोल्डरात असेल आणि त्याचा इमेज घटक वापरला असेल तरच. पब्लिक फोल्डरातल्या चित्राला ते हात लावत नाही, आणि टूल चित्रं नेमकी तिथेच टाकतं.

चित्राला रुंदी आणि उंची ही दोन्ही गुणमूल्यं लिहिलेली असावीत, म्हणजे ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो आणि वाचताना मजकूर उडी मारत नाही. लेझी लोडिंग (चित्र नजरेच्या टप्प्यात येताना उतरवणं) खालच्या चित्रांना द्यावं. टूल ते सरसकट सगळ्यांना देतं, आणि पहिल्या पडद्यावरचं मोठं चित्र त्यामुळे उगाच उशिरा येतं. गूगलच्या मोजपट्टीवर सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा, मांडणीचं हलणं ०.१ च्या आत असावं आणि क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. यातलं शेवटचं माप मार्च २०२४ पासून लागू आहे. साध्या स्टॅटिक साइटला तिन्ही मापं फारसे कष्ट न घेता जमतात. लाइटहाउस हे ब्राउझरमधलं मापं काढणारं साधन खाजगी खिडकीत चालवावं, नाहीतर ब्राउझरच्या एक्स्टेन्शनचा भारही साइटच्या खात्यावर पडतो.

रंगांत राखाडीवर राखाडी ही टूलची लाडकी चूक. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा. डेव्हलपर टूलमध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की आकडा दिसतो.

फोटोंमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते: काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश. रूपांतरात ते गळतात की राहतात हे साधनावर अवलंबून आहे, म्हणून तपासून काढावेत. रेझ्युमेच्या पीडीएफमध्ये घरचा पत्ता आणि फोन नंबर आहे का, तेही त्याच बैठकीत बघावं.

संपर्काचा फॉर्म

सर्वात महागात पडू शकणारी चूक इथे होते. स्टॅटिक साइटला मागे सर्व्हर नसतो, त्यामुळे ईमेल पाठवायला सांगितलं की टूल ईमेल सेवेची गुप्त की (पासवर्डसारखी किल्ली) ब्राउझरच्या कोडमध्येच लिहून मोकळं होतं. पानाचा सोर्स उघडणाऱ्या कोणालाही ती दिसते. गुप्त मूल्यं ठेवायच्या '.एन्व्ह' फाइलमध्ये हलवली म्हणजे सुटलो असंही नाही. वाइट या साइट बांधणाऱ्या साधनात ज्या व्हेरिएबलच्या नावापुढे 'वाइट' हा उपसर्ग असतो ती बांधणीच्या वेळी ब्राउझरच्या फाइलीत उतरतात, आणि टूल तो उपसर्ग लावतंच, कारण त्याशिवाय त्याचा कोड चालत नाही. की एकदा कमिट झाली असेल तर फाइलमधून पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहते. सेवेच्या खात्यात जाऊन ती रद्द करून नवी काढायची, हाच उपाय.

पोर्टफोलिओला साधा ईमेलचा दुवा पुरतो. फॉर्म हवाच असेल तर फॉर्म स्वीकारणारी तयार सेवा घ्यावी, जिथे पानावर फक्त फॉर्मचा सार्वजनिक पत्ता असतो. सोबत एक लपवलेलं खोटं खानं ठेवावं. माणसाला ते दिसत नाही, स्पॅम टाकणारे बॉट भरून जातात, आणि भरलेलं आलं की टाकून द्यायचं.

साइट वर चढवताना

गिटहब पेजेस, नेटलिफाय, व्हर्सेल, क्लाउडफ्लेअर पेजेस या साइट ठेवणाऱ्या सेवांपैकी काहीही चालतं. गिटहबच्या मोफत खात्यावर पेजेससाठी रिपॉझिटरी सार्वजनिक असावी लागते, म्हणजे कमिटचा सगळा इतिहासही सार्वजनिक. वरची कीची गोष्ट इथे आठवावी.

स्वतःच्या संगणकावर चालणारी साइट गिटहबवर गेली की मोडते, त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं: रिपॉझिटरीला तुमच्या खात्याच्या नावाचं खास नाव दिलं नसेल तर साइट उपपत्त्यावर, म्हणजे रिपॉझिटरीच्या नावाखाली राहते. तिरक्या रेघेने सुरू होणारे चित्रांचे आणि सीएसएसचे सगळे पत्ते मग चुकीच्या जागी शोधतात. ॲस्ट्रोत 'साइट' आणि 'बेस' या दोन्ही नोंदी भराव्या लागतात; टूल पहिली भरतं आणि दुसरी विसरतं, शिवाय हाताने लिहिलेल्या दुव्यांना बेस आपोआप लागत नाही. दुसरं: तयार फाइली एखाद्या ब्रँचवरून (रिपॉझिटरीच्या एका फांदीवरून) प्रसिद्ध केल्या तर गिटहब त्यावर जेकिल हे साइट बांधणारं साधन चालवतं, आणि जेकिल अधोरेषेने सुरू होणारे फोल्डर वगळतं. ॲस्ट्रो आपलं सीएसएस नेमकं अशाच फोल्डरात ठेवतं. मुळाशी '.नोजेकिल' नावाची रिकामी फाइल ठेवली की झालं. गिटहब ॲक्शन्समधून (गिटहबच्या आपोआप कामं करणाऱ्या सोयीतून) चढवत असाल तर हा प्रश्न येत नाही.

तिसरं कारण लहान-मोठ्या लिपीचं. विंडोज आणि मॅक सहसा 'फोटो' हे नाव कॅपिटलने लिहिलं काय नि स्मॉलने लिहिलं काय, एकच मानतात. लिनक्स सर्व्हर मानत नाही. शेवटी कॅपिटल जेपीजी असलेली कॅमेऱ्याची फाइल आणि कोडमध्ये स्मॉल जेपीजी, एवढ्यावर चित्र गायब होतं. नाव बदलताना 'गिट एमव्ही'ने बदलावं, नाहीतर गिटला बदल झाल्याचं कळतही नाही. चौथं फक्त रिॲक्टवाल्यांसाठी: मेनूतून प्रकल्पाचं पान उघडतं, पण तेच पान रिफ्रेश केलं की ४०४ येतो, कारण सर्व्हरवर त्या नावाची फाइलच नसते.

स्वतःचं डोमेन जोडताना डीएनएसच्या (डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणाऱ्या) नोंदींचे पत्ते साइट ठेवणाऱ्या सेवेच्या मदतपानावरूनच उचलावेत. मॉडेलने आठवणीतून सांगितलेले आकडे जुने असू शकतात, आणि डीएनएसमधली चूक उमगायलाच तासन्‌तास जातात. नोंदी पसरून एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र मिळायला गिटहबवर २४ तासांपर्यंत लागू शकतात. तोवर धीर धरावा, नोंदी पुन्हा पुन्हा बदलू नयेत.

दुवा कोणाला पाठवला की दिसणारं चित्र आणि मथळा ओपन ग्राफच्या टॅगमधून येतो. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं आणि त्याचा पत्ता पूर्ण, एचटीटीपीएसपासून सुरू होणारा असावा. टूल इथे हटकून अर्धा पत्ता देतं आणि चौकट रिकामी येते. व्हॉट्सॲप आणि लिंक्डइन जुनं चित्र साठवून ठेवतात, त्यामुळे दुरुस्ती केल्यावरही काही काळ जुनंच दिसतं. लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये पत्ता टाकला की ते नव्याने वाचलं जातं.

चढवल्यावर माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या कळीने सगळी साइट फिरून बघावी. फोकस कुठे आहे ते दिसलं पाहिजे, आणि मोबाइलचा मेनू एन्टरने उघडून एस्केपने मिटला पाहिजे. टूल मेनूचं बटण पुष्कळदा डिव्हमध्ये (खऱ्या बटणाऐवजी साध्या चौकटीत) बनवतं, तिथे टॅब पोचतच नाही. प्रत्येक चित्राचं पर्यायी वर्णन वाचावं, कारण चित्र न बघता नुसत्या फाइलच्या नावावरून लिहिलेलं वर्णन पहिल्या वाचनातच कळतं.

नंतरची देखभाल फार नसते. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवावं. पॅकेजेस अद्ययावत करायची तर एकावेळी एक, वेगळ्या ब्रँचवर, आणि बिल्ड झाल्यावर पानं डोळ्यांनी बघून. नवा प्रकल्प घालताना टूलला बोलावायचीही गरज पडू नये: कंटेंट फोल्डरात एक मार्कडाउन फाइल, एक चित्र, एक कमिट.